शुद्धलेखन कुणाच्या तोंडचं?

(पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



लिपी आणि बोलणं यांच्या नात्यावर बोलायला मला सांगितलं आहे. विषय भाषाशास्त्राचा वाटतो आणि मी समाजशास्त्राची संशोधक आहे. त्यामुळे मी तो माझ्या बाजूने मांडणार आहे. आपण तोंडाने जे बोलतो ते कागदावर उतरताना त्यातलं काय राहतं, काय गळतं आणि काय ठेवायचं हे कोण ठरवतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. चर्चेत तुम्ही बोलता, भांडता, मुद्दा पटवून देता. पण तेच लिहून द्या म्हटलं की हात आखडतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'माझं शुद्धलेखन कच्चं आहे.' मुद्दा कच्चा आहे असं कुणी म्हणत नाही. वेलांटी आणि उकार यांच्या भीतीने आपल्यातले किती लेख, किती अर्ज, किती प्रबंध अर्धवट राहिले असतील याचा विचार करा.

आधी शब्दाकडेच बघू. इंग्रजीत एखाद्याने अक्षरं चुकवली तर 'स्पेलिंग चुकलं' म्हणतात. मराठीत म्हणतात 'अशुद्ध लिहिलं'. चूक दुरुस्त करता येते. अशुद्ध म्हटलं की त्याला विटाळाचा वास येतो. शुद्ध-अशुद्ध हे शब्द आपल्या घरांपर्यंत वहीतून आलेले नाहीत, ते पाणवठ्यावरून आले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी घेतलं, त्यानंतर त्या तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. हा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे त्यांना 'तुझं लेखन अशुद्ध आहे' हे वाक्य नुसतं व्याकरणाचं म्हणून ऐकू येत नाही. म्हणून मी यापुढे 'प्रमाणलेखन' हा शब्द वापरणार आहे. प्रमाण म्हणजे ठरवलेलं माप. माप माणसं ठरवतात आणि माणसंच ते बदलतात.

आता मुख्य मुद्दा. मराठी शाळेत सांगतात की आपली देवनागरी फार शास्त्रीय आहे, आपण जसं बोलतो तसंच लिहितो. हे तपासून पाहू.

'जग' हा शब्द घ्या. 'सारं जग' म्हणताना आणि 'तू सुखाने जग' म्हणताना 'ज' वेगवेगळा उच्चारला जातो. अक्षर एकच. 'चार' आणि 'चाक' यातला 'च' वेगळा, अक्षर एकच. 'घर' लिहितो, म्हणताना शेवटचा 'अ' गळतो. 'करवत' लिहितो, 'कर्वत' म्हणतो. 'ज्ञ' ला मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्य' म्हणतो, लिहिताना दोघांचं अक्षर सारखंच. 'ऋषी' हा शब्द पुण्यातले प्राध्यापकही बोलताना 'रुशी' असाच म्हणतात. 'ष' चा वेगळा उच्चार आज बहुतेकांच्या तोंडात उरलेला नाही, कागदावर मात्र तो पाळावा लागतो.

म्हणजे लिपी काही आवाज दाखवत नाही आणि नसलेले काही आवाज दाखवते. हा देवनागरीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. जगातल्या सगळ्याच लिप्यांचं असं आहे. लिपी हा आवाजाचा फोटो नसतो. वाचणाऱ्याला ती भाषा आधीच येते असं धरून लिहिणारा त्याला पुरेशा खुणा देतो, आणि बाकीचं वाचणारा आपल्या कानाने भरून काढतो. 'सारं जग' वाचताना कुठला 'ज' म्हणायचा हे तुम्हाला कागदाने सांगितलं नाही, तुमच्या आईने सांगितलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रमाण बोलणाऱ्याच्या तोंडातले दोन 'ज' लिपीत दिसत नाहीत, त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. त्याच्या तोंडात 'ष' नाही, त्यालाही कुणी अशुद्ध म्हणत नाही. पण वऱ्हाडातला माणूस 'पाणी' ला 'पानी' म्हणाला, 'डोळा' ला 'डोया' म्हणाला की ते अशुद्ध. आता गंमत बघा. राज्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात गेलं की 'पानी' हाच हिंदीतला प्रमाण शब्द होतो. तोच आवाज, तीच जीभ. हद्दीच्या अलीकडे गावंढळ आणि पलीकडे पाठ्यपुस्तकात. आवाजात खोट असती तर ती दोन्हीकडे असायला हवी होती.

दुसरं उदाहरण ह्रस्व-दीर्घाचं, ज्याला आपण सगळ्यात जास्त घाबरतो. 'आणि' ची वेलांटी पहिली, 'पाणी' ची दुसरी. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. शेवटच्या 'णि' आणि 'णी' मध्ये कानाला फरक सापडतो का? आता 'शरीर' आणि 'जमीन' घ्या. दोन्हींत दीर्घ वेलांटी. प्रत्यय लावला की 'शरीराला' मध्ये ती दीर्घच राहते आणि 'जमिनीला' मध्ये ह्रस्व होते. 'रूप' चं 'रूपाला', पण 'फूल' चं 'फुलाला'. का? कारण 'शरीर' आणि 'रूप' हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम. 'जमीन' फारसीतून आला, 'फूल' मराठीने आपल्या वळणाने घडवला. नियम असा की तत्सम शब्दाला हात लावायचा नाही, इतर शब्दांना मराठीचा नियम लावायचा.

याचा अर्थ नीट समजून घ्या. मराठी बिनचूक लिहायची तर नुसतं मराठी येऊन भागत नाही. कुठला शब्द संस्कृतातून आला हेही ठाऊक असावं लागतं. जी भाषा आपल्या पूर्वजांना ऐकायलाही बंदी होती, तिची ओळख असणं ही आपल्या मातृभाषेत लिहिण्याची अट होऊन बसली. ज्यांच्या घरात संस्कृत श्लोकांची सवय होती त्यांच्या मुलांना हा फरक डोळ्यांनी आपोआप कळत गेला. आपल्याला तो पाठ करावा लागला. त्याला आपण 'हुशारी' आणि 'ढ' अशी नावं दिली.

हा भेद नसेल तर मराठीचं काम अडेल का? याचं उत्तर इतिहासात आहे. कित्येक शतकं मराठीचा कारभार मोडी लिपीत चालला. सनदा, जमिनीचे कागद, वसुलीचे हिशेब, वतनाचे कागद, खासगी पत्रं असं सगळं मोडीत लिहिलेलं आहे. मोडीत ह्रस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा फरक केला जात नव्हता, एकच खूण दोन्हींचं काम करायची. त्या कागदांवर जमिनी गेल्या, आल्या, सारा वसूल झाला, कोर्टात दावे चालले. वेलांटी एकच आहे म्हणून शेतसारा माफ झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. ज्या लिपीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या वतनाची नोंद आहे, त्या लिपीत 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' वेलांटी असा प्रकारच नव्हता. पोथ्या-पुराणांची लिपी बाळबोध, म्हणजे देवनागरी. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, छपाई बाळबोधीत स्थिरावली, आणि पोथीचे नियम सगळ्या मराठीला लागू झाले.

आणि हे नियमसुद्धा कायमचे नव्हते. 'मूकनायक' किंवा 'बहिष्कृत भारत' चे जुने अंक उघडून पाहा. तिथे 'नाहीं', 'कांहीं' असे शब्द डोक्यावर अनुस्वार घेऊन छापलेले दिसतील. त्या काळी तेच बरोबर होतं. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली आणखी चार जोडले. त्यांत उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले. बाबासाहेबांच्या पत्रातला मजकूर आज एखाद्या विद्यार्थ्याने तसाच उतरवला तर परीक्षक लाल शाईने गोल करत बसेल. काल बरोबर होतं ते आज चूक आणि आज बरोबर आहे ते उद्या चूक असू शकतं. जे ठरावाने बदलतं ते पवित्र नसतं, तो करार असतो.

त्याच नियमांत एक नियम फार बोलका आहे. 'असं केलं', 'मी म्हटलं' ही रूपं बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तेव्हा लिहावीत, एरवी 'असे केले', 'मी म्हटले' लिहावं, असा तो नियम. म्हणजे नियम करणाऱ्यांना पूर्ण माहीत होतं की माणसं 'केलं' म्हणतात. त्यांनी लिखित मराठीसाठी वेगळं रूप राखून ठेवलं आणि बोलण्याला अवतरणचिन्हात जागा दिली.

आता १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या पुस्तकाचं नाव आठवा. 'बलुतं'. औपचारिक नियमाने ते 'बलुते' व्हायला हवं होतं. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचं नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा'. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. अवतरणचिन्हात बसवलेलं बोलणं या लेखकांनी उचलून थेट मुखपृष्ठावर आणलं. 'माज्या' असं का लिहिलं, 'माझ्या' का नाही, असं विचारणाऱ्याला पुस्तकाच्या नावातच उत्तर मिळतं की ही जिच्या जन्माची कथा आहे ती असंच म्हणते. मराठी साहित्याला जगभर ओळख देणाऱ्या लेखनात हे लेखन आहे. वेलांटीच्या भीतीने ते लिहिलं गेलं नसतं तर मराठी गरीब राहिली असती.

याच्याही मागे जाऊ. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. तिच्या आधीच्या पिढ्यांना अक्षर माहीत नव्हतं, दुःख माहीत होतं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात, म्हणजे बोलण्याच्या घाटात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले' तून फुल्यांवर टीका केली तेव्हा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. ही पद्धत ओळखून ठेवा, ती आजही चालते. मुद्द्याला उत्तर नसलं की वेलांटी दाखवायची. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर कुणी बोललं की त्याचा उकार कसा चुकला ते सांगायचं. समाजमाध्यमांवर आपल्या एखाद्या लेखाखाली पहिली प्रतिक्रिया शुद्धलेखनाची आली तर समजावं की मुद्दा लागला आहे.

इथे कुणी विचारेल, आपल्याकडे पूर्वीपासून असंच चालत आलं आहे का? नाही. या देशातलं जुन्यातलं जुनं, आज स्पष्ट वाचता येणारं लेखन सम्राट अशोकाच्या शिलालेखांचं आहे, इसवी सनाच्या आधीच्या तिसऱ्या शतकातलं. ते लेख संस्कृतात नाहीत, लोकांच्या प्राकृतात आहेत. आणि सगळीकडे एकाच साच्याचे नाहीत. गुजरातेतल्या गिरनारला 'राजा' असं कोरलं आहे, तर ओडिशातल्या धौलीला 'लाजा'. कारण पूर्वेकडच्या बोलीत 'र' च्या जागी 'ल' यायचा. गिरनारला 'धंम' आहे, तर आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला 'ध्रम', आणि तिथली लिपीही ब्राह्मी नाही, उजवीकडून डावीकडे जाणारी खरोष्ठी आहे. कंदाहारला तर ग्रीक आणि अरामी भाषेत लेख आहेत. आपल्या सोपाऱ्यालाही या लेखांचे तुकडे सापडले. स्वतः सम्राटाचा शब्द वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या उच्चाराने दगडावर कोरला गेला. संदेश लोकांपर्यंत पोचणं महत्त्वाचं होतं, म्हणून लिपी आणि उच्चार लोकांकडे गेले.

तीच गोष्ट पालीची. आपण बुद्धवंदना देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेतून म्हणतो. श्रीलंकेत तीच वंदना सिंहली लिपीत छापतात, म्यानमारात बर्मी लिपीत, थायलंडात थाई लिपीत. पालीची अशी एकच लिपी नाही. म्हणून बुद्धाचं वचन कुठे अशुद्ध झालं नाही. लिपी हे भांडं आहे. भांड्यावरून पाण्याचा विटाळ मानायचा नाही, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

आजच्या भारतात लिपीचा प्रश्न किती जिवंत आहे तेही पाहू. संताली भाषा ओडिया, बंगाली, देवनागरी आणि रोमन अशा वेगवेगळ्या लिप्यांत लिहिली जायची. राज्य बदललं की लिपी बदलायची. ओडिशातल्या मयूरभंजचे पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली संतालीसाठी ओल चिकी लिपी तयार केली, कारण संतालीतले काही आवाज त्या इतर लिप्यांत नीट बसत नव्हते. २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने संताली आठव्या अनुसूचीत आली. आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात बोलली जाणारी गोंडी आजही महाराष्ट्रात देवनागरीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत लिहावी लागते, तरी तिच्यासाठी मंगलसिंग मसराम यांनी केलेली लिपी आहे आणि तेलंगणातल्या गुंजाळा गावाच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी लिपीही आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी अशी व्याख्या केली. पिढ्यान्‌पिढ्या रोमी लिपीत तियात्र, गाणी, वर्तमानपत्रं लिहिणारे गोंयकार एका व्याख्येने बाहेर राहिले. त्यांची भाषा तीच होती, अक्षर वेगळं होतं. लिपी ठरवणाऱ्या टेबलावर कोण बसलं आहे यावर कुणाची भाषा 'भाषा' ठरेल हे अवलंबून असतं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं. समाजशास्त्रात मुलाखती घेऊन त्या कागदावर उतरवणं हा मोठा भाग असतो. समजा एखादी बाई म्हणाली, 'आमी तवा हितंच व्हतो.' मी हे कसं लिहू? 'आम्ही तेव्हा इथेच होतो' असं लिहिलं तर तिचा आवाज मी पुसला. 'आमी तवा हितंच व्हतो' असं लिहिलं तर निदान तिचं म्हणणं तिच्या तोंडचं राहिलं. पहिल्यांदा वाटतं की दुसरं उत्तर सोपं आणि न्यायाचं आहे. पण थांबा.

त्याच संशोधनात एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचीही मुलाखत असते. तो बोलताना 'म्हंजे', 'पायजे', 'नै' असंच म्हणतो. आपण सगळेच म्हणतो. पण त्याचं बोलणं उतरवताना बहुतेक वेळा 'म्हणजे', 'पाहिजे', 'नाही' असं नीटनेटकं केलं जातं. कथा-कादंबऱ्या, बातम्या, मालिकांचे संवाद काढून बघा. साहेबाचं बोलणं दुरुस्त होऊन येतं आणि मोलकरणीचं बोलणं जसंच्या तसं येतं. दोघांनीही बोली बोलली, कागदावर बोली फक्त एकीला चिकटली. वाचणाऱ्याला वाटतं, एकजण भाषा बोलतो आणि दुसरी काहीतरी वेडंवाकडं बोलते. 'जसंच्या तसं' लिहिणंसुद्धा निरागस नसतं. कुणाचं जसंच्या तसं आणि कुणाचं दुरुस्त करून, हे बघावं लागतं.

म्हणून मी एक साधा नियम पाळते: माप सगळ्यांना एकच. बोली लिहायची तर बाईचीही आणि अधिकाऱ्याचीही. प्रमाण करायचं तर दोघांचंही. आणि शक्य असेल तिथे लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं. आपण काय बोललो आणि कागदावर काय गेलं हे ऐकण्याचा त्याचा हक्क आहे. तुमच्यापैकी जे एम.ए. चे शोधनिबंध करत आहेत, पत्रकारिता करत आहेत, त्यांनी हे माप लावून बघावं. जातीचे बरेच हिशेब अवतरणचिन्हांच्या आत सापडतील.

आता सगळ्यात गंभीर भागाकडे येते. आवाज कागदावर उतरताना झालेला बदल नुसता अपमान करून थांबत नाही, तो हक्क काढून घेतो.

आपल्या आडनावांपासून सुरू करू. 'कांबळे' मध्ये 'ळ' आहे. इंग्रजीत 'ळ' नाही, म्हणून ते 'के-ए-एम-बी-एल-ई' झालं. दिल्लीतल्या विद्यापीठात त्या इंग्रजीवरून पुन्हा देवनागरी केली की 'काम्बले' होतं. 'साळवे' चं 'साल्वे' होतं. शाळेच्या दाखल्यावर एक, गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर तिसरं. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापा, रांगेत उभे राहा. पहिल्या पिढीच्या शिक्षणात हा वेळ आणि पैसा कुणी मोजत नाही.

आडनावाचं निदान प्रतिज्ञापत्राने निभावतं. जमातीच्या नावाचं निभावत नाही. घटनेच्या कलम ३४१ आणि ३४२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर होतात आणि पुढे त्यात बदल करायचा तर तो फक्त संसद करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हळबा-कोष्टींच्या खटल्यात सांगितलं की यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची, चौकशी करून त्यात काही भर घालता येणार नाही. यादी खोट्या दाव्यांनी फुगू नये म्हणून हा कडकपणा लागतोच, आणि खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जात असताना तर तो हवाच. पण यादीत लिहिणाऱ्यानेच नाव चुकतमाकत लिहिलं असेल तर?

छत्तीसगडमध्ये हेच झालं. तिथल्या यादीत 'भारिया भूमिया' हे नाव आहे. महसुली कागदांवर आणि लोकांच्या तोंडी त्याच समाजाची नावं 'भुईंया', 'भुईयां', 'भूयां' अशी होती. पांडो जमातीचं इंग्रजी नाव यादीत होतं, पण देवनागरीत ते वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं गेलं होतं. अक्षर जुळत नाही म्हणून मुलांना दाखला मिळायला अडचण. आईबाप तेच, गाव तेच, रीतिरिवाज तेच, आणि मध्ये उभी एक वेलांटी किंवा एक अनुस्वार. शेवटी त्यासाठी संसदेत विधेयक आणावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत आणि जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत ते मंजूर झालं. त्यात भारिया भूमियाची ही पर्यायी नावं समानार्थी म्हणून घातली आणि पांडोची देवनागरी रूपं नोंदवली. एक आवाज कागदावर नीट उतरावा म्हणून देशाच्या संसदेला मतदान करावं लागलं. तोवर ज्यांचं शिक्षणाचं आणि नोकरीचं वय निघून गेलं त्यांना ते परत मिळालं नाही.

ही नावं मुळात लिहिली कुणी? जनगणनेचा कारकून, तलाठी, मिशनरी, साहेब. त्या समाजातल्या माणसाने आपलं नाव तोंडाने सांगितलं, दुसऱ्याने आपल्या कानाला जसं आलं तसं, आपल्या लिपीत लिहिलं. सांगणाऱ्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे 'साहेब, असं नाही, असं लिहा' म्हणणारं कुणी नव्हतं. अक्षरबंदीचा हा परिणाम आपण फारसा मोजत नाही. ज्ञान मिळालं नाही हे तर आहेच. आपल्याविषयी काय लिहिलं जातंय हे तपासण्याची ताकदही मिळाली नाही.

मग आपण काय करायचं? मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, प्रमाणलेखन शिका. मी त्याच्या विरोधात नाही. गडचिरोलीच्या मुलीने लिहिलेलं सिंधुदुर्गच्या मुलाला अडखळल्याशिवाय वाचता यावं यासाठी एक सामायिक रूप लागतं, चळवळीलाही लागतं. अठरा नियम आहेत, महिन्याभरात होतात. ट्रॅफिकचे नियम शिकतो तसे शिका. डावीकडून गाडी चालवणारा पवित्र आणि उजवीकडून चालवणाऱ्या देशातला अपवित्र असं आपण मानत नाही ना? तसंच हे. येत नसेल तर शब्दकोश उघडा, मोबाइलवर तपासा, मैत्रिणीला दाखवा. फक्त तोवर लिहिणं थांबवू नका. आधी मुद्दा लिहा, वेलांटी नंतर बघता येते.

दुसरी, घरच्या बोलण्याला दुरुस्त करू नका. शिकलो की आपण पहिल्यांदा आईला सुधारायला लागतो. 'पानी नाही गं, पाणी म्हण.' तिच्या 'पानी' त काहीही बिघडलेलं नाही. तुमच्या वाचनात ज्या गोष्टी लिपी दाखवत नाही त्या भरून काढणारा कान तिनेच तुम्हाला दिला आहे. उलट तिचे शब्द लिहून ठेवा. शेतीचे, चुलीचे, आजाराचे, गाण्याचे. लिहिताना ते जसे ऐकू येतात तसे लिहा आणि पुढे अर्थ द्या. तिचे कितीतरी शब्द कुठल्याही कोशात नसतील, आणि ते लिहिणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं नाही.

तिसरी, कागद तपासा. घरातल्या प्रत्येकाचा शाळेचा दाखला, जातीचा दाखला, आधार, सातबारा काढून एका रांगेत ठेवा आणि नावाचं अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. वस्तीतल्या दहा घरांसाठी हे करा. पोराला पहिलीत घालतानाच नाव आणि जात कशी लिहिली जाते ते उभं राहून बघा, दोन्ही लिप्यांत. मोडी वाचायला शिकता आलं तर शिका. आपल्या पूर्वजांच्या नोंदी त्या लिपीत पडून आहेत आणि त्या वाचून देण्यासाठी आज आपण दुसऱ्याला पैसे मोजतो. आणि तुमच्यातले जे तलाठी होतील, शिक्षक होतील, ग्रामसेवक, जनगणनेचे प्रगणक होतील, त्यांनी नाव लिहिल्यावर ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि समोरच्याला विचारायचं, 'बरोबर लिहिलं का?' अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते कुणी केलं नाही म्हणून छत्तीसगडच्या पोरांना संसदेची वाट बघावी लागली.

आता प्रश्न विचारा, आणि ज्या बोलीत सुचतील त्या बोलीत विचारा.

जय भीम. जय सावित्री.